जेवलास का, एवढंच

सेवानिवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याचे वर्णन पुढीलप्रमाणे. लिंग: स्त्री. पद: मदतनीस, वर्ग चार. उंची: मध्यम. बांधा: मध्यम. वर्तणूक: मध्यम, क्वचित समाधानकारक. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग. वैवाहिक स्थिती: एकटी. अपत्य: निरंक. अवगत भाषा: एक. सदर कर्मचाऱ्याकडून संस्थेची कोणतीही चादर, चावी, उपकरण अथवा व्यक्ती येणे बाकी नाही, सबब तिला कार्यमुक्त करण्यास हरकत नसावी.

'अथवा व्यक्ती' हे शब्द छापील नमुन्यात नाहीत. ते वृद्धनिवासाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी स्वतःच्या हाताने मधे घुसवले आहेत. त्याला एक इतिहास आहे, आणि मोठ्या बाईंना तो अर्धाच ठाऊक आहे.

कर्मचाऱ्याचं नाव त्या कागदावर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघते. वृद्धनिवासात सगळ्याच मदतनीस बायकांना मावशी म्हणतात. हिला चौकशीमावशी म्हणत. सकाळी पाळीवर आली की फाटकापासूनच सुरुवात. वॉचमनला, "काय, बरं आहे ना?" स्वयंपाकिणीला, "काय ग, गुडघा काय म्हणतो?" पहिल्या खोलीतल्या आजोबांना, "झोप लागली का?" आणि आजोबा "कुठली झोप, बाई, रात्रभर नुसती..." एवढं म्हणेपर्यंत ही दुसऱ्या खोलीत काकूंना "जेवलात का?" विचारत असे. भल्या सकाळी जेवलात का विचारू नये, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकायला ती थांबली नसती. उत्तर ऐकणं हे तिच्या मते वरच्या वर्गाचं काम होतं.

"विचारायला काय पडतं?" ती म्हणे. "ऐकायला वेळ पडतो."

काय पडतं आणि काय नाही, याबाबतीत ती फार दक्ष होती. बसचा एक टप्पा वाचावा म्हणून भर उन्हात पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाणारी ती बाई. कंडक्टर तिला ओळखून होता. ती चढली की तो म्हणे, "या, आज पायांचं भाडं किती झालं?"

आता त्या संस्थेतली एक पद्धत सांगायला हवी. फार पूर्वी तिथले एक निवृत्त मास्तर दोन पाळ्यांच्या मधल्या फटीतून निसटले. सकाळपाळीला वाटलं ते दुपारपाळीकडे आहेत, दुपारपाळीला वाटलं सकाळपाळीकडे. मास्तर मोठ्या रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या चुका काढत होते. ते सापडल्यावर मोठ्या बाईंनी नियम केला: ज्याने माणसाचा हात धरला, त्याने तो दुसऱ्याच्या हातातच द्यायचा. देताना 'दिला' म्हणायचं, घेणाऱ्याने 'घेतला' म्हणायचं. घेतला म्हटल्यावर ते माणूस आपलं, पुढचा हात मिळेपर्यंत. अंघोळीला नेताना, बागेत फिरवताना, पाळी बदलताना, दिवसभर ओसरीतून ऐकू येई, "दिला." "घेतला." नव्या माणसाला वाटे, इथे काहीतरी लिलाव चाललाय. जुन्या मावश्यांच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की घरी कोणी भाजीची पिशवी पुढे केली तरी त्या 'घेतला' म्हणत.

कोपऱ्याच्या खोलीतल्या आजी आल्या त्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर. हातपाय बऱ्यापैकी चालत होते. जीभही चालत होती, पण ती दुसऱ्याच गावाला. डॉक्टरांनी ऐकलं, कोणाला तरी फोन लावून ऐकवलं, आणि सांगितलं की ही स्पॅनिश आहे. आजींनी तरुणपणची बरीच वर्षं समुद्रापलीकडे एका घरात मुलं सांभाळण्यात काढली होती. झटक्याने त्यांची स्वतःची भाषा पुसून नेली आणि कामाची तेवढी ठेवली. "होतं असं," डॉक्टर म्हणाले, म्हणजे त्यांनाही कारण माहीत नव्हतं. थोडक्यात, आईने दिलेली गेली आणि मालकाने दिलेली राहिली. झटक्यालाही वरच्या-खालच्याची समज असते.

आजी दिवसभर बोलत. माणसं आली की त्या गप्प होत, पाहुण्यासमोर घरचं बोलणं थांबवावं तशा. त्यांचं बोलणं खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीशी चाले. बोलताना त्यांची नजर खुर्चीच्या पाठीपेक्षा बरीच खाली असे, साधारण मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर. एक वाक्य बोलत, थांबत, मान हलवत, पुढचं बोलत. चहाबरोबरच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा खुर्चीच्या हातावर ठेवत. तो तुकडा संध्याकाळी तिथे असे की नसे, याबद्दल मावश्यांत दोन मतं होती. मुंग्यांवर ढकलून विषय मिटवला गेला.

"असेल नसेल, आपल्याला काय?" चौकशीमावशी म्हणे. "खोलीत दोन माणसं आहेत असं धरून पोछा मारायचा." आणि खरंच ती खुर्चीखाली पुसताना, "पाय वर घे रे," म्हणून जाई.

आजींचा मुलगा दर रविवारी येई. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, बोटांना मशीनच्या तेलाचा वास. तो दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून त्याला काटेवाला म्हणत. कुठलाही काटा शून्यावर नसेल तर त्याचा जीव कासावीस होई; वृद्धनिवासातला वजनाचा काटा त्याने न सांगता, फुकट नीट करून दिला होता. पहिल्या रविवारी तो साहजिकच त्या वेताच्या खुर्चीत बसला. आजी किंचाळल्या. त्याचा दंड धरून त्याला उठवलं, खुर्चीवरची उशी झटकली, आणि खाली वाकून हळू आवाजात किती तरी वेळ कोणाची तरी समजूत घातली. काटेवाला भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानंतर तो उभाच राहत असे.

एका रविवारी त्याने मावशीला हाक मारली.

"मावशी, या खुर्चीत कोण बसतं?"

"कोण बसणार? कोणी नाही."

त्याने उशीवर तळहात ठेवला होता. "फोम नवा आहे. मीच आणून दिला. कडा तशाच आहेत आणि मधेच दबलाय."

"मग?"

"मोठं माणूस बसलं की कडा आधी जातात. हे लहान आहे." त्याने तळहात जरा दाबून पाहिला. मग गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "चौदा-पंधरा किलो. चारेक वर्षांचं पोर."

"वाढतंय का?" मावशीने विचारलं आणि सवयीप्रमाणे निघून गेली. बाहेर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय विचारलं. उत्तर ऐकायला मात्र ती परत गेली नाही.

पुढच्या खेपेस काटेवाल्याने मोबाइलवर स्पॅनिशचे धडे आणले. पहिला धडा, 'रोजच्या बोलण्यातले साधे प्रश्न', फुकट होता. दुसरा धडा, त्यांची उत्तरं, पैसे भरून. काटेवाल्याने विचार केला, आई काय विचारते ते कळलं की पुरे, उत्तरं आपल्याला काय करायची? मोबाइलमधली बाई एक प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारी, मग अर्थ सांगे, मग शिकणाऱ्याने म्हणून बघावं म्हणून थांबे. काटेवाल्याची जीभ वळेना. पोछा मारता मारता मावशीची वळली.

"तिएनेस आंब्रे?" मोबाइल म्हणाला. भूक लागली का?

"तिएनेस आंब्रे?" मावशी फरशीशी म्हणाली.

"तिएनेस फ्रीओ?" थंडी वाजते का? "दोंदे एस्तान तुस सापातोस?" तुझे बूट कुठे आहेत? "पोर के योरास?" का रडतोस? "या कोमिस्ते?" जेवलास का?

"अहो, ही तर माझीच भाषा," मावशी म्हणाली. "मी उगाच इतकी वर्षं दुसऱ्या भाषेत बोलत बसले."

पलंगावर आजी उठून बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं नाही, मावशीकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे बघून त्यांनी शांतपणे तेच प्रश्न एकेक करून विचारले. भूक लागली का? आणि जरासं थांबून मान हलवली. थंडी वाजते का? जरासं थांबल्या, चादरीचं टोक खुर्चीकडे सरकवलं. बूट कुठे आहेत? इथे त्या जास्त थांबल्या, आणि हसल्या, कारण उत्तर मजेशीर असावं. का रडतोस? इथे त्या इतका वेळ थांबल्या की खिडकीबाहेर पत्रा ठोकणाऱ्या गॅरेजवाल्याचा हातोडाही थांबल्यासारखा वाटला. कोणी तरी बरंच काही सांगत होतं. आजींचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "सी, सी." हो रे, हो.

मावशीच्या हातातलं फडकं बादलीत ठिबकत राहिलं. विचारून थांबायचं असतं, हे तिने तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

काटेवाला तिच्यामागून व्हरांड्यात आला.

"मावशी, एक सांगू? हसू नका."

"सांगा. मी हसणाऱ्यातली नाही, निघून जाणाऱ्यातली आहे."

"आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पहाटे गेली, मी झोपेत. परत आली तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या. मिशीवाल्याला कोण विचारतं? तेव्हापासून मीच तिला विचारतोय, गोळी घेतलीस का, जेवलीस का. तिने मला..." तो बोटाचं तेल रुमालाने पुसत राहिला, तिथे तेल नव्हतं तरी. "डॉक्टर म्हणालेत, हृदय दमलंय, फार दिवस धरू नका. एकदाच विचारावं तिने मला. जेवलास का, एवढंच. कुठल्याही भाषेत चालेल. पण ते सगळं तो खातो, तो खुर्चीतला. माझ्या वाट्याचं."

पन्नाशीच्या माणसाने चार वर्षांच्या, तेही न दिसणाऱ्या पोराचा हेवा करणं हे शोभणारं नव्हतं. पण वजनकाट्याच्या धंद्यातल्या माणसाला एका पारड्यात कायम आपणच वर राहिलो, हे फार नेमकं कळतं.

मावशीने कधी नव्हे ते पूर्ण ऐकून घेतलं. "पोर खोलीत आहे तोवर आई पोराचीच," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचंही तेच. पोराला कोणी बाहेर फिरवायला नेलं की मगच तिला नवरा दिसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे न्यायचं कोणी तरी." आणि ती निघून गेली.

त्यानंतर मावशीने कोपऱ्याच्या खोलीत स्पॅनिशमध्ये चौकशी सुरू केली. पोछा मारताना, चादर बदलताना, खुर्चीकडे बघून: भूक लागली का? थंडी वाजते का? सुरुवातीला इतर मावश्यांनी टिंगल केली. "काय ग, जावई परदेशी केलास वाटतं?" दुपारपाळीची मावशी म्हणाली. पण आजींचा चेहरा सैल पडू लागला. घरात कामाला दुसरी बाई आली की पहिली जशी पाय पसरून बसते, तशा त्या पलंगावर टेकून बसू लागल्या. आणि मावशी प्रश्न विचारून थांबू लागली. थांबल्यावर काय होतं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. स्वयंपाकिणीने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "प्रत्येक प्रश्नामागचं थांबणं वेगळं असतं ग. आपोआप कळतं, आता पुरे."

मग तो रविवार आला. दुपारचं जेवण उरकलं होतं, ऊन खिडकीच्या खालच्या गजापर्यंत उतरलं होतं. आजींचा श्वास सकाळपासून वरवर चालला होता. काटेवाला भिंतीशी उभा होता. तो न जेवता आला होता, म्हणजे विचारलंच तर खोटं उत्तर द्यायची सोय त्याने करून ठेवली होती.

मावशी खुर्चीपुढे गेली, किंचित वाकली, हात खाली केला. "वामोस?" तिने विचारलं. जायचं का? पहिल्या धड्यातला तो शेवटचा प्रश्न.

ती थांबली. आजीही थांबल्या. मग आजींनी आपला हात खुर्चीकडे लांबवला, हवेत काहीतरी अलगद धरलं आणि ते मावशीच्या हातापर्यंत आणलं. त्या दोन-तीन शब्द बोलल्या. मावशीला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर रोजचा होता. वीस वर्षं ओसरीत ऐकलेला. आणि जीभ सवयीची गुलाम.

"घेतला," मावशी म्हणाली.

ती दार ओढून बाहेर आली. व्हरांड्यातून वजनाच्या काट्याजवळून, पाण्याच्या टाकीजवळून ती मागच्या अंगणात गेली, नेहमीपेक्षा पुष्कळ हळू. आपला हात रिकामा नव्हता, असं ती अजूनही म्हणत नाही. ती एवढंच म्हणते की मूठ मिटत नव्हती.

आत काय झालं ते काटेवाल्याने नंतर सांगितलं. दार लागल्यावर आजींनी खुर्चीकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं, आणि नजर हळूहळू वर चढत भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत आली. इतक्या वर कधी आलीच नव्हती. त्यांनी त्याला हाताने जवळ बोलावलं. तो पलंगाशी गुडघे टेकून बसला.

"या कोमिस्ते?" आजींनी विचारलं.

"हो आई," तो म्हणाला. "पोटभर."

मग थंडी वाजते का. नाही आई. बूट कुठे आहेत. त्याने पाय मागून पुढे घेऊन, वेडावाकडा होत, बूट दाखवले. त्या हसल्या. का रडतोस, हेही विचारलं. तो म्हणतो, त्याचं उत्तर त्याला देता आलं नाही, पण त्या थांबल्या मात्र पुष्कळ वेळ. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला, तो पहिल्या धड्यात नव्हता. त्याला कळला नाही. तो 'हो' म्हणाला. आईच्या बहुतेक प्रश्नांना ते चालतं. त्या उत्तर ऐकून थांबल्या, आणि थांबल्याच.

पुढे जे होतं ते झालं: डॉक्टर, मोठ्या बाई, पांढरी चादर, फोन. या सगळ्यात मागच्या अंगणात एक मावशी एका बाजूला कललेली उभी आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाळी बदलताना दुपारपाळीची मावशी आली.

"दिला," चौकशीमावशी म्हणाली आणि हात पुढे केला.

"कुठला दिला?"

"कोपऱ्याच्या खोलीतला."

"त्या गेल्या ना ग. तुला सांगितलं नाही कोणी?" मग तिने त्या पुढे केलेल्या हाताकडे, त्याच्या खालच्या जागेकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. "थट्टा पुरे हं. मला कामं आहेत."

मावशी फाटकाशी उभ्या काटेवाल्याकडे गेली. त्याचे डोळे सुजले होते, पण चेहरा उजळला होता; इतक्या वर्षांनी काटा शून्यावर आलेल्या माणसाचा चेहरा.

"विचारलं," तो म्हणाला. "मावशी, तुमचे उपकार मी..."

"ते राहू द्या. हा घ्या. दिला."

काटेवाल्याने तिच्या हाताकडे बघितलं. तो धंद्यातला माणूस. हात किती खाली ओढलाय ते त्याला बघताक्षणी कळलं असणार. तो एक पाऊल मागे सरकला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तो माझा नाही हो."

आणि गेला. पुन्हा त्या बाजूला तो आला नाही. संस्थेचा काटा पुढे बिघडला तो बिघडलाच.

मावशीने मोठ्या बाईंनाही एकदा विचारून पाहिलं, आडून: एखादं माणूस बाहेर नेलं आणि तेवढ्यात त्याची खोलीच गेली, तर परत कुठे द्यायचं? मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नियम काय आहे? पुढचा हात मिळेपर्यंत ते माणूस आपलं. आपल्याकडे माणूस हरवत नाही." त्या अर्ध्या इतिहासाचा त्यांना अभिमान होता. कोपऱ्याची खोली दुसऱ्या आठवड्यात एका माजी विमा एजंटाला मिळाली. त्याने वेताची खुर्ची टोचते म्हणून बाहेर काढायला लावली.

चौकशीमावशी बदलली ती एवढीच: ती विचारून थांबू लागली. पहिल्या खोलीतल्या आजोबांना झोप लागली का विचारलं आणि उत्तर येईपर्यंत ती उभी राहिली, तेव्हा आजोबा इतके गडबडले की "लागली" म्हणाले. टायरच्या दुकानावर तिची एक खोली आहे. दुकानातल्या पोरांना संध्याकाळी वरून तिचा आवाज येतो, काही तरी परक्या बोलीत, एकेक प्रश्न. मग शांतता, कधी छोटी, कधी लांब. सुरुवातीला प्रश्नांत बूट फार असत. मधली काही वर्षं ती चढ्या आवाजात एकच विचारी: दोंदे एस्तास? कुठे आहेस? हल्ली प्रश्न कमी झालेत आणि शांतता लांब. "वयच तसं असतं," असं ती स्वयंपाकिणीला एकदा म्हणाली. कोणाचं, ते स्वयंपाकिणीने विचारलं नाही. तीही आता निघून जायला शिकली होती.

निवृत्तीच्या दिवशी मोठ्या बाईंनी कागद वाचून दाखवला, पुष्पगुच्छ दिला, आणि नमुन्यात नसलेल्या शब्दांवर बोट ठेवून हसत विचारलं, "काय ग, माणूसबिणूस नाही ना कोणी तुझ्याकडे बाकी?"

मावशी जरा थांबली. मग तिने सही केली.

संध्याकाळी ती फाटकाजवळच्या थांब्यावरूनच बसमध्ये चढली; पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाणं तिने कधीच सोडलं होतं. आजी गेल्या त्या रविवारपासून ती रोज एक फुल, एक हाफ तिकीट घेत असे. गेल्या वर्षापासून दोन फुल घेते.